नाजूक म्हणून सांगितलेला गुलाब

माझ्या दारातल्या गुलाबाला काय घालता, असं येणारा-जाणारा विचारतो. काही नाही, असं सांगितलं की कोणाचा विश्वास बसत नाही. म्हातारी गुपित दडवते असं त्यांना वाटतं. आता खरंच काही घालत नाही, त्याला मी काय करू? वर्षातून एकदा फांद्या छाटते, आठवण झाली तर टोपलंभर शेणखत टाकते. बाकी त्याचं तो बघतो. फुलं सायीच्या रंगाची. उन्हात जराशी फिकी होतात, एवढंच.

हा गुलाब मूळचा वरठीच्या रेल्वे क्वार्टरमधला. बाबा तिथे मालधक्क्यावर कारकून होते. आमच्या आधी राहून गेलेल्या कोणीतरी तो लावला होता. मागच्या दाराशी, कोळशाच्या ढिगाला लागून. आई सकाळी चहाचा चोथा त्याच्या बुडाशी झटकायची आणि शेगडीची राखही तिथेच उपडी करायची. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी तर कित्येकदा विसरायची. झाड कधी रुसलं नाही. माझं सगळं बालपण त्या झाडाजवळ गेलं, पण त्याच्याकडे कोणी मुद्दाम पाहिल्याचं मला आठवत नाही.

सत्तरच्या दशकात, शेवटी-शेवटी, माझं लग्न झालं. सासर करडीजवळच्या खेड्यात, धानाची शेती, मधे वैनगंगा. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बाबा सायकलच्या कॅरिअरवर डालड्याचा डबा बांधून आले. डब्यात त्या गुलाबाची एक मुळं धरलेली फांदी होती. सायकल नावेत घालून त्यांनी नदी ओलांडली होती आणि पुढे चिखलातून ती ओढत आणली होती. घरामागच्या सांदवाडीत, विहिरीजवळ, वालाच्या मांडवाशेजारी त्यांनी ती स्वतः लावली. मग चष्मा पुसत माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "हे झाड नाजूक आहे, इवाई. याले नुसतं पानी देऊन चालत नाही. महिन्याच्या महिन्याले कोनीतरी जाणकारानं पाहा लागते."

इवाई म्हणजे व्याही. मी मांडवाआड उभी होते. माझ्या बाबांना मी त्याआधी खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी पदर तोंडात कोंबला आणि आत गेले. आत जाऊन हसले आणि मग रडलेही.

कारण मला कळलं होतं. लेकीच्या घरी बापाने उगाच जाऊ नये, असा आमच्याकडचा दंडक. दिवाळीला न्यायला यावं, लग्नकार्याला यावं. वारंवार गेलं की बापाची किंमत राहत नाही. आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, ही रीत तर बाबा कडकपणे पाळत. सायकलच्या हँडलला त्यांची रेल्वेतली कापडी छागल लटकलेली असे. नदीवर तिच्यातलं पाणी पोटभर प्यायचे, ते परत नदीवर पोचेपर्यंत घोट नाही. सासूबाई दरवेळी तांब्या घेऊन दारात यायच्या आणि बाबा दरवेळी हात जोडायचे.

मूल मला झालं नाही. तेव्हाही नाही, पुढेही नाही. देव झाले, भंडाऱ्याचे डॉक्टर झाले, लोकांचे सल्ले झाले. म्हणजे बाबा माझ्या घरी कधीच पाणी पिणार नव्हते. हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत होतं, आणि आम्ही गुलाबावर बोलत होतो.

ते महिन्यातून एकदा येत. येताना पिशवीत कातर. झाडासमोर उकिडवे बसून पान न् पान उलटून बघत, दोन-चार काड्या कापत आणि माझ्याशी बोलत. भाताला किती आधण ठेवतेस, तुझा नवरा रागीट आहे का, रात्री खोकला येतो का. मी शेजारी बसून गवत निंदल्यासारखं करायची. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, नवे पाहुणे पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करत. त्या पाण्यावरही गुलाब असा फोफावला की वालाच्या मांडवाला भिडला. नाजूक झाडाने बाबांची अब्रू घालवायचंच ठरवलं होतं. ना कीड, ना काही.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, लांब बाजेवर बसून दोरी वळत. उभा जन्म धानाच्या बांधीत गेलेला माणूस. बोलणं कमी. बाबांनी कापून टाकलेल्या काड्या ते नंतर उचलून नेत. चुलीत घालत असतील, असं मला वाटायचं.

एका वर्षी संक्रांतीच्या सुमाराला बाबा आले होते आणि माझा धाकटा दीर घरी होता. पोरगा वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. तो हसत म्हणाला, "बाबूजी, याले त काहीच लागत नाही. मी पायतो ना रोज. तुमी कायले एवढी तंगडतोड करता?"

बाबांच्या हातातली कातर थांबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हो, आता मोठं झालं झाड," एवढं म्हणून त्यांनी कातर पिशवीत ठेवली आणि सायकल काढली. मला नजरही दिली नाही. दिराशी मी तीन दिवस बोलले नाही. त्याला बिचाऱ्याला कशाचा राग आहे हे कळेना, आणि मला सांगता येईना. सांगितलं असतं तर बाबांचं खोटं उघडं पडलं असतं.

पुढच्या महिन्यात बाबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. शिमगा झाला. गुलाब कधी नव्हे इतका फुलला होता आणि मला तो डोळ्यांसमोर नको होता. एकदा तर पाणी घालायचं मुद्दाम बंद केलं. मेलं ते झाड कसलं ऐकतंय! दुप्पट फुललं.

आमच्या गावचा एक माणूस वरठीच्या नव्या पोलाद कारखान्यात लागला होता आणि सुटीला गावी यायचा. मामाजींनी त्याला ओट्यावर बोलावलं आणि मला ऐकू येईल अशा आवाजात निरोप दिला. "त्यायले सांग, गुलाबाची तब्येत लगित बिघडली. आमच्यानं होत नाही. येऊन पाहा म्हना."

मी दचकून सांदवाडीत गेले. झाड ठणठणीत. मामाजींना आता दिसतही नाही की काय, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी बाबा भर दुपारी आले. नदीत पाणी कमी, नाव बंद; ते रेतीतून सायकल ओढत आले होते. ओठ सुकलेले, छागल रिकामी. कातरीची पिशवी हातात धरून ते थेट झाडाशी गेले, खाली वाकले, वर पाहिलं, पानं उलटली.

"बिमारी कुठं आहे, इवाई?"

"बिमारी नाही," मामाजी म्हणाले. "बाळंतपन हाय."

त्यांनी बाबांना न्हाणीमागच्या ओल्या कोपऱ्यात नेलं. तिथे एक फुटकं मडकं उपडं होतं. ते त्यांनी उचललं. खाली चिखलात काड्या खोचलेल्या होत्या, रोवण्यात धान लावतात तशा ओळीने. दसऱ्यानंतर बाबांनी छाटून फेकलेल्या त्या काड्या. बहुतेक वाळलेल्या. मडक्याच्या फुटक्या बाजूने उजेडाकडे एक मात्र वाढली होती, वीतभर, आणि तिच्या टोकाला एकच लहानसं फूल होतं, सायीच्या रंगाचं.

"तुमच्या झाडाले आमच्या घरी पोर झालं," मामाजी म्हणाले. "आता पानी प्याले काही हरकत नाही."

सासूबाई दारात येऊन थांबल्या. इतकी वर्षं त्या घरात जो शब्द माझ्यासमोर कोणी काढत नव्हतं, तो मामाजींनी असा सहज काढला होता. मला क्षणभर त्यांचा भयंकर राग आला. लगेच असंही वाटलं की जाऊन त्यांचे पाय धरावेत. झाडाला काही लागत नाही, हे धान पिकवणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशीच कळलं असणार. इतकी वर्षं त्यांनी बाजेवर बसून बाबांचं खोटं सांभाळलं होतं.

"बाई," ते मला म्हणाले, "सासूले नको आनू देऊ आज. तू आन."

मी विहिरीवर गेले. रहाटावरून बादली सोडली, भरून ओढली. तांब्या घासलेलाच होता, तरी पुन्हा घासला. मी आले तेव्हा बाबा न्हाणीच्या दगडावर बसले होते. त्यांनी त्या रोपाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. घेऊ का, असं विचारल्यासारखं. मी तांब्या पुढे केला.

ते सगळं प्यायले. वरून धार धरून, मधे न थांबता. सदऱ्यावर पाणी सांडलं. मग त्यांनी तोंड पुसलं आणि मामाजींकडे बघून म्हणाले, "गोड पानी आहे तुमच्या हिरीचं."

दीर ओट्यावर होता. तो काहीतरी बोलणार, तोच सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला.

बाबांनी रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला आणि आणखी पाणी मागितलं.