बगळ्याचं चालणं

हे मी आईला सांगितलेलं नाही, भावाला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही वैशालीला ओळखत नाही. म्हणजे यातही मी सोपी वाटच धरली, नाही का?

वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावची, घरचे सगळे मिठागरावर कामाला. मी रोह्याची — खरं तर पूल ओलांडून अष्टमीची. शेवटच्या वर्षाला ॲनिमेशनची स्पर्धा आली आणि आम्ही दोघींनी नाव दिलं. गोष्ट तिची, चित्रं तिची. कॉम्प्युटरवर त्यांना हलवायचं काम माझं. कॉम्प्युटर आमच्या घरी, म्हणून ती आमच्याकडेच राहायला आली. तो इतका तापायचा की एका बाजूचं झाकण काढून आम्ही त्याच्यासमोर टेबलफॅन लावायचो आणि स्वतः घामाघूम बसायचो. आई म्हणायची, "त्या डब्याची हाय तेवढी काळजी माझी करा गो."

गोष्ट किती गोड होती, सांगू? एक एकटा बगळा मिठागरात येतो. मिठाची पांढरी रास बघून त्याला वाटतं, कुणीतरी भला मोठा बगळा रुसून पाठ फिरवून बसलाय. मग तो रोज मासा आणून देतो, राशीभोवती फेऱ्या मारतो, मनधरणी करतो. बस्स, एवढीच. वैशालीने ती सांगितली तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं, आणि थोडा हेवाही.

पण माझा बगळा चालेना. पाय हलायचे, अंगात वजनच नव्हतं. "तुझा बगळा चालत नाय गो, सरकतोय नुसता," वैशाली हसत म्हणायची. मग तीच मला त्यांच्या खाडीवर घेऊन गेली, खरे बगळे बघायला. मी सकाळभर उन्हात बसले. बगळे नुसते उभे राहिले. मी कंटाळून परत आले.

आता ते सांगायलाच हवं. वैशालीचा एक पाय लहानपणापासून जरा आखूड आहे. चालताना ती एका बाजूला कलते, मग मान पुढे टाकून स्वतःला सावरते. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. फक्त — रस्त्याने जाताना सगळ्यांना पुढे जाऊ द्यायची, आपण शेवटी. मागून कुणी बघितलेलं तिला खपायचं नाही. मी मागे असले तर मात्र ती काही म्हणायची नाही. माझ्यापुढे ती निर्धास्त चालायची. मला हे ठाऊक होतं, आणि मनातून मी त्याचा तोराही मिरवायची.

एका संध्याकाळी रोह्याहून वडे घेऊन आम्ही पुलावरून घरी येत होतो. ती पुढे, मी मागे. आणि मला — काय सांगू — मला बगळा दिसला. तसाच्या तसा. कलणं, मान पुढे टाकणं, पुन्हा कलणं. मी फोन काढला. पूल संपेपर्यंत तिचं शूटिंग केलं. ती पुढे बघत काहीतरी सांगत होती आणि मी हं हं करत होते.

ती आंघोळीला गेली की मी ते लावायची. थांबवून थांबवून तिच्या प्रत्येक पावलावर बगळ्याचं पाऊल बसवायची. आणि तो चालायला लागला हो! वैशालीने बघितलं आणि टाळ्याच पिटल्या. "कसं जमवलंस गो?"

"खाडीवर बघितलं ना," मी म्हटलं.

स्वतःला मी काय समजावलं? हे प्रेमापोटीच केलंय म्हणून. प्रेम होतंच, आजही आहे. पण मग लपवलं कशाला? बगळा लोकांना हसवण्यासाठी होता, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

स्पर्धेच्या दिवशी लोक हसले. बगळा राशीभोवती फेरी मारायला निघाला की हॉलमध्ये शिट्ट्या पडायच्या. वैशाली माझ्या शेजारी बसून, माझा दंड दाबत, सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होती. आपण मागून कसे दिसतो ते आपल्याला कुठे दिसतं? दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी बगळ्याच्या चालण्याचं कौतुक केलं, तर ही उठून म्हणाली, "हिचं काम हाय ते. उन्हात बसून केलंय हिने." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजले.

वैशाली आता पेणला लहान मुलांना शिकवते. परवा तिचा फोन आला. वर्गात आपली फिल्म दाखवली म्हणाली, पोरं हसून हसून लोळली. मग म्हणाली, "एक पोरगी काय बोलली म्हायतेय? 'बाई, ह्यो बगळा तुमच्यासारखाच चालतोय.' सगळी पोरं गप्प झाली गो. मी म्हटलं, 'नाय बाय, माझ्या मैत्रिणीने खाडीवर बसून खरे बगळे बघितलेत.'" मग मला विचारलं, "व्हय ना गो?"

ती हसत नव्हती. मी काय म्हणते याची वाट बघत होती. इतक्या वर्षांत तिने मला एवढं सरळ काही विचारलं नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "बगळेच होते."

"तेच सांगितलं मी पोरांना," ती म्हणाली. तिला हायसं वाटलेलं मला फोनवरूनही कळलं.