सोवळ्यातली जखम

गंगेवरच्या मुन्शी घाटाच्या पायरीवर घसरून वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा घरात त्यांना उठवू-बसवू शकेल असं माणूस मी एकटीच होते. मी नर्स आहे. हाडांच्या वॉर्डात माझी वीस वर्षं गेली आणि त्यातला एकही दिवस वडिलांनी मला माफ केला नाही. मी शिकायला निघाले तेव्हा ते म्हणाले होते, "परक्या पुरुषांचं हगणं-मुतणं काढणार, आणि त्याच हातांनी देवाचं पाणी भरणार?" तेव्हापासून देवाच्या तांब्याला मी हात लावलेला नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, पाठीला जखम होऊ दिली नाही आणि रोज थोडं उभं केलं, तर दीड महिन्यात वॉकरवर चालतील. वडिलांना एवढंच हवं होतं, आपल्या पायांनी अहिल्याबाई घाटावर जाऊन स्नान. माझ्यासाठी ते काम म्हणजे हातचा मळ. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, टाचा गादीवर टेकू द्यायच्या नाहीत. माणसाला ओढायचं कधीच नाही, अंगाखालच्या चादरीसकट उचलून सरकवायचं. ओढलं की म्हातारी कातडी सोलते.

घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी पडल्या पडल्या अंगावर गंगाजल शिंपडलं, रेशमी मुकटा गुंडाळला आणि जपमाळ हातात घेतली. आठ वाजता मी आत गेले.

"बाबा, करवट बदलूया."

"सोवळ्यात आहे मी. बारापर्यंत शिवू नकोस."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. वॉर्डात असले हट्टी म्हातारे मी रोज वळवते. चुचकारते, दटावते, नातवाची शपथ घालते. घरी मी नुसतं "बरं" म्हटलं आणि चहा प्यायला गेले. खोटं कशाला बोलू, तो चहा मला गोड लागला.

सहा ते बारा ते उताणे पडून राहायचे. बारानंतर मी सगळं पुस्तकाबरहुकूम करायचे, कुणी बोट दाखवू नये म्हणून. चौथ्या दिवशी माकडहाडापाशी लाल डाग दिसला. मी बोटानं दाबून पाहिला. दाबल्यावर पांढरा पडला तर कातडी अजून वाचते. हा लालच राहिला. मी त्यांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी दारातूनच विचारलं, "शिवू?" ते म्हणाले, "नको." मला तेच ऐकायचं होतं.

मग कातडी फुटली, खड्डा पडला, ताप आला. उभं करणं बंद झालं. खोलीत वास राहू लागला आणि मी उदबत्त्या लावू लागले.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मंगला गौरी मोहल्ल्यातून आत्या आली. वडील सोवळ्यातच होते. वास येताच तिनं आईची पेटी उघडली आणि जुनी धाबळी माझ्या अंगावर टाकली.

"आंघोळ करून ही नेस आणि वळव त्याला. लोकरीला विटाळ नसतो. तुला याद नाही आली?"

"नाही," मी म्हटलं.

साफ खोटं. थंडीत आई हीच धाबळी नेसून सोवळ्याचा स्वयंपाक करायची आणि मी शेजारी बसून भाजी निवडायचे. पहिल्या सकाळी चहा पीत होते तेव्हाच मला ती पेटी आठवली होती. वीस वर्षं ज्या हातांना विटाळ मानला, त्याच हातांची गरज वडिलांना एकदा तोंडानं सांगावी लागेल, असं मला वाटत होतं. मी वाट पाहत होते.

आंघोळ केली, धाबळी नेसले. खांद्याला आणि कमरेला हात देऊन त्यांना कुशीवर घेतलं. त्यांनी काही हरकत घेतली नाही. आत्या पाणी तापवायला गेली. वडील भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलले.

"मला पहिल्याच दिवशी आठवली होती धाबळी. तू पेटीतून काढतेस का, ते बघत होतो."

मी ड्रेसिंग सोडवलं. जखमेच्या तळाशी हाड दिसत होतं. वडील पुन्हा उभे राहिले नाहीत.