पडायची नोकरी

गादी विकायच्या आधी धप्पू स्वतः तिच्यावर पडून दाखवतो. आणि काय पडतो! हनुवटी छातीला, हात सपकन गादीवर, अंगाला ओरखडा नाही. गिऱ्हाईक हसतं. त्या बापड्याला काय ठाऊक, की या गादीवाल्याने उमेदीची सगळी वर्षं देशाच्या ज्युदो संघात पडायचीच नोकरी केली!

नोकरीचं नाव सरावाचा जोडीदार. संघातल्या हिऱ्याने उचलून आपटायचं, याने धप्पकन पडायचं, उठायचं आणि पुन्हा आपली कॉलर त्याच्या हातात द्यायची. 'धप्पू' हे बारसं तिथलंच. हिरा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दिवसभर मेहुण्याचा मार खाऊन हा लंगडत घरी यायचा, तर बायको दारातच विचारायची, "माझ्या भावाला लागलं नाही ना कुठे?"

रोज ज्याच्या हातून पडायचं, त्याचं अंग पाठ होतंच. फेकायला वळताना मेहुण्याचा डावा पाय क्षणभर हवेत राहायचा. तेवढ्यात कोणी पाय घातला, की खेळ खलास. धप्पूने एकदाच घातला. मेहुणा पाठीवर पडला आणि छताकडे बघत राहिला. मग दोन दिवस अन्नाला शिवला नाही. बायको रडकुंडीला आली. प्रशिक्षकांनी धप्पूला कोपऱ्यात घेतलं.

"स्पर्धा तोंडावर आलीय आणि तू त्याची हिंमत खच्ची करतोस? तुला पडायला ठेवलंय की पाडायला?"

"पण सर, त्याचा डावा पाय..."

"तू तुझं काम कर."

धप्पूने केलं, अगदी इमानेइतबारे. उलट पूर्वीपेक्षा जरा लवकरच पडू लागला. मेहुण्याला वाटलं, आपली ताकद वाढली.

मग तो देशोदेशींचा क्रीडामेळा. संघ झेंड्यामागून ऐटीत चालला, धप्पूने वरच्या बाकांवरून हात लाल होईतो टाळ्या पिटल्या. आणि पहिल्याच लढतीत कुठल्याशा परक्या पोराने मेहुण्याचा डावा पाय अलगद टिपला. धप्प! आयुष्यभर ऐकलेला आवाज, पण पडणारा दुसराच.

"नशीब खोटं, दुसरं काय," शेजारचा म्हणाला. धप्पूनेही मान डोलावली.

मेहुण्याची पुन्हा निवड झाली नाही. नशिबावर खापर फोडून त्याने पोरांचा ज्युदो वर्ग काढला. परवा वर्गासाठी गाद्या घ्यायला दुकानात आला. चहा झाल्यावर उत्साहाने उठला. "दाजी, पोरांना कसं शिकवतो बघा." आणि वळला. डावा पाय हवेत.

धप्पूचा कप ओठांशीच थांबला. मेहुण्याने त्याची नजर पाहिली, मग स्वतःचा पाय पाहिला. बराच वेळ पाहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

आजवर मेहुण्यापुढे पडणं सोपं गेलं होतं. या वेळी धप्पू पडला नाही.

"होतं."

"मग मला रोज पाडलं का नाही?"

"एकदा पाडलं होतं. तू दोन दिवस जेवला नाहीस."

मेहुणा नव्या गादीच्या कडेला टेकला. प्लॅस्टिक करकरलं.

"तिसऱ्या दिवशी जेवलो असतो की, दाजी."