उन्हाची भिंत

मे महिन्याच्या चौदा तारखेला, दुपारी बाराच्या सुमाराला, योरुन कुबड्या सावरत आस्लाउगच्या गाडीतून उतरली, मान वर केली आणि तिला वाटलं, ही बाई आपल्याला भलत्याच दारात घेऊन आली.

पण घर तेच होतं. लाल लाकडी भिंती, पांढऱ्या चौकटी, पायरीवर उलटी घातलेली बादली. फक्त घराच्या डोक्यावर आभाळ होतं. एवढं मोठं आभाळ तिथे कधीच नव्हतं. तिथे स्प्रूसचं झाड होतं, सुयांसारख्या पानांचं, बारा महिने हिरवं, घराच्या दुप्पट उंच, छत्तीस वर्षं तिच्या डोळ्यांसमोर वाढलेलं.

"काय, कसं वाटतंय?" आस्लाउगने टाळी वाजवली. शेजारीण ती, समोरच्या घरातली. इस्पितळापासून दोन तासांच्या रस्त्यात ही बाई सारखी दात काढत होती, आणि योरुनने तीनदा विचारूनही "काही नाही गं, काही नाही" एवढंच म्हणत होती. "कसं लख्ख झालं बघ! महिन्यापूर्वी तू खुबा बदलायला गेलीस ना, त्याच्या तिसऱ्याच दिवशी सगळी गल्ली जमली. चौदा माणसं! वॅफल केले मी, तपकिरी चीज आणलं, आणि दोनपर्यंत झाड आडवं. झाडाची फांदीन्‌फांदी उचलून ठेवलीय हो, एक कचरा दिसणार नाही."

जिथे झाड होतं तिथे ताटाएवढं नव्हे, चांगलं जेवणाच्या टेबलाएवढं खोड जमिनीलगत कापलेलं दिसत होतं, अजून ओलं. डिंकाचा वास सगळीकडे. शेजारी ओंडक्यांची रास, एका मापाची, एका रेषेत. आमच्या गल्लीत लाकूड रचण्यावरून माणसाची परीक्षा होते, त्यामुळे रास अगदी बघण्यासारखी होती. योरुनने तिच्याकडे पाठ फिरवली.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर गल्लीतल्या लोकांवर उगीच अन्याय होईल. आमच्या खोऱ्यात नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत सूर्य डोंगराआडून तोंड दाखवत नाही. मार्चमध्ये तो जरा वर आला की बाहेर कमरेएवढा बर्फ असला तरी घरोघरची बाकं निघतात, घराच्या दक्षिणेच्या भिंतीला लागतात, आणि माणसं कॉफीचा पेला मांडीवर ठेवून डोळे मिटून बसतात. अशा भिंतीला आम्ही उन्हाची भिंत म्हणतो. कोणाला काय द्यावं हे सुचलं नाही तर आम्ही त्याला ऊन देऊ. ते कोणाला नको असेल, हे आमच्या डोक्यातच शिरत नाही.

आणि योरुनला ते नको होतं. अख्ख्या खोऱ्यात ती एकटीच.

अठ्ठावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. घाटातल्या कोणत्या वळणावर एप्रिलमध्येही बर्फ गोठलेला असतो आणि कोणतं वळण मार्चमध्येच कोरडं होतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पोरं तिला जाम टरकून असत. पट्टा लावल्याशिवाय तिने कधी बस हलवली नाही, आणि एकदा तर मुख्याध्यापकांनाही खाली उतरवलं होतं. या बसच्या सीटवरच तिला बागेचं मर्म कळलं. थंड मुलखात फुलझाड थंडीने मरत नाही. खोटं ऊन त्याला मारतं. एप्रिलमधल्या चार उबदार दिवसांनी ते फसतं, डोकं वर काढतं, आणि पाचव्या दिवशीचा कडाका त्याला जाळून टाकतो. सावलीत बर्फ उशिरापर्यंत टिकतो, झाड बर्फाखाली निवांत झोपून राहतं आणि उठायची वेळ झाली की मगच उठतं.

म्हणून तिने निळी पॉपी, खसखशीच्या जातीचं ते फुलझाड, स्प्रूस आणि स्वयंपाकघराची दक्षिणेकडची खिडकी यांच्यामधल्या अंधाऱ्या पट्ट्यात लावली होती. जूनच्या शेवटी तिला फूल यायचं. निळं म्हणजे कसं निळं, ते सांगायला गेलं की आमच्याकडची बोलकी माणसंही गप्प होतात. शेजारच्या दोन खोऱ्यांत अनेकांनी लावून बघितली, कोणाची दुसरा उन्हाळा बघू शकली नाही. योरुनची एकोणीस झुडपं होती, चौतीस वर्षांची.

कुबड्या टेकत ती वाफ्याशी गेली. दरवर्षी या तारखेला तिथे गुडघाभर बर्फ असायचा. आज काळी माती होती, कोमट होती, आणि मातीतून एकोणीस ठिकाणी केसाळ, पोपटी, बोटभर कोंब वर आले होते. पंधरा दिवस आधी.

"आज रात्री किती खाली जाणारे पारा?" तिने विचारलं. घरी आल्यावरचं तिचं पहिलं वाक्य.

"उणे सहा म्हणत होते रेडिओवर," आस्लाउग म्हणाली. "का गं?"

"एस्तेनला बोलाव."

"अगं, आधी आत तरी चल, मी केक..."

"आस्लाउग, तुझा नवरा आत्ताच्या आत्ता फावडं घेऊन इथे आला पाहिजे. नाहीतर मी वाकणार. डॉक्टरांनी सांगितलंय वाकलीस तर नवा खुबा निसटेल. मग तुम्ही चौदा जणं मिळून मला परत पोचवा."

एस्तेन आला तो हसत आला. अडुसष्ट वर्षांचा, हडकुळा, कानावर पेन्सिल. योरुनचा चेहरा बघून त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"आवडलं नाही?" तो म्हणाला.

"चौतीस वर्षं मी इथे सावली राखली, एस्तेन! राखली! लोक गाई राखतात तशी! आणि तुम्ही लोक एका सकाळीत वॅफल खाऊन मोकळे झालात! मला विचारायचं कोणाला सुचलं नाही? फोन नाही तुमच्याकडे?"

"विचारलं असतं तर तुला अचानक आनंद कसा..."

"आनंद!" ती एवढ्या जोरात ओरडली की आस्लाउग दोन पावलं मागे सरली.

लाकडाच्या कोठारामागे, उत्तरेच्या बाजूला, बर्फाचा शेवटचा ढीग अजून वितळत होता. त्याच्या कडेला योरुनने कुबडीच्या टोकाने रेघ ओढली. एकोणीसच्या एकोणीस झुडपं आज संध्याकाळच्या आत तिथे गेली पाहिजेत, आणि वरून त्याच मेल्या स्प्रूसच्या फांद्यांचं पांघरूण. जगली तर जगली.

एस्तेन खणायला लागला.

"लांबून खण. अजून लांबून. मुळाला हवा लागता कामा नये, मातीच्या गोळ्यासकट उचल. फावडं आहे ते, चमचा नाही!"

"कळतं गं मला."

"कळलं असतं तर ही वेळ आली असती?"

आस्लाउग दोन्ही हातांनी गोळा उचलायची, पोटाशी धरून कोठारामागे न्यायची. तिच्या चांगल्या कोटाची माती झाली होती, पण तिने हूं की चूं केलं नाही. आठवं झुडूप निघालं तेव्हा योरुन जरा निवळली, आणि निवळली म्हणून तिला विचारायचं सुचलं.

"कोणाच्या डोक्यातून निघालं हे खूळ? तुझ्याच ना?"

एस्तेनने फावडं थांबवलं. बायकोकडे बघितलं. आस्लाउग गोळा घेऊन घाईघाईने निघून गेली.

"हाल्वरच्या," तो म्हणाला.

हाल्वर म्हणजे योरुनचा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"लाज नाही वाटत? मेलेल्या माणसावर ढकलतोस?"

"ढकलत नाही. त्याच्या शेवटच्या मार्चमध्ये म्हणाला मला. आमच्या भिंतीशी बसला होता, नेहमीसारखा."

"नेहमीसारखा म्हणजे? तुझ्याकडे तो करवतीला धार लावायला यायचा."

एस्तेन तिच्याकडे बघतच राहिला. तिला खरंच माहीत नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं.

"कसली धार, योरुन? चौतीस वर्षं रोज धार लावली असती तर करवतीची नुसती मूठ उरली असती. ऊन खायला यायचा तो. मार्च लागला की अकराला रस्ता ओलांडायचा, साडेबाराला परत. तू बसवर असायचीस. आधी आधी तो म्हणायचा, दहा मिनिटं बसतो. मग ते म्हणणंही सोडून दिलं. आस्लाउग त्याचा पेला भरूनच ठेवायची."

हाल्वर घरीच काम करायचा, खिडक्यांच्या चौकटी बनवायचा. ती दोनला घरी यायची तेव्हा तो स्वयंपाकघरात दिव्याखाली बसलेला असायचा. मार्चमध्ये त्याचं नाक लाल झालेलं असायचं. ती म्हणायची, एस्तेनकडे काही घेतलंस वाटतं? तो हसायचा. ती रिटायर झाल्यावरही तो अकराला करवत काखेत मारून निघायचा. तिने एकदाही खिडकीतून डोकावून बघितलं नाही. बघितलं असतं तरी दिसलं नसतं म्हणा, मधे झाड होतं.

"काय म्हणाला होता?" तिने विचारलं.

"म्हणाला, माझं काय, मी इथे येऊन बसतो. पण मी गेल्यावर ती त्या अंधारात एकटी बसेल. ती कोणाच्या भिंतीशी जायची नाही, तिचा स्वभाव नाही तो. तिला ऊन मिळेल असं बघ. मी म्हटलं, झाड पाडलं तर ती माझं मुंडकं उडवेल. तर म्हणाला, उडवेल. पण मग बसेल."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"एकदा सांगितलं होतं म्हणाला."

सांगितलं होतं. योरुनला आठवलं. पॉपी लावली त्याच्या दुसऱ्या वर्षी, जेवताना, बटाटे सोलता सोलता तो म्हणाला होता की झाड काढलं तर स्वयंपाकघरात जरा उजेड येईल. ती म्हणाली होती, झाड पाडायचं असेल तर आधी मला पाड. दोघंही हसले होते. तो परत कधी बोलला नाही. पुढच्याच सोमवारी तो रंगाचा डबा घेऊन आला आणि एकट्याने सगळं स्वयंपाकघर रंगवलं. ती कामावरून आली, बघितलं, आणि म्हणाली, हा कसला रंग? भांडी धुतलेल्या पाण्यासारखा? तेव्हाही तो हसला होता.

"उरलेली झुडपं तू काढ," ती एस्तेनला म्हणाली. "लांबून खण."

आणि ती आत गेली.

दारातच तिला थांबावं लागलं. खुबा दुखला म्हणून नव्हे. स्वयंपाकघर पिवळं होतं. लोण्यासारखं पिवळं, चारही भिंती, खिडकीपासून चुलीपर्यंत. ऊन टेबलावरून चढून समोरच्या भिंतीवर गेलं होतं आणि भिंत अशी उजळली होती की डोळे बारीक करावे लागत होते. तेहतीस वर्षं ती या भिंतींमध्ये जेवली, भांडली, हिशोबाने कॉफी उकळली, आणि तिला वाटत होतं की त्या मातकट आहेत. त्याने उन्हाचा रंग आणला होता. ऊन मागता येईना म्हणून डब्यातून आणला होता, आणि सावलीत तो दिसलाच नाही.

"अरे देवा, हाल्वर," ती मोठ्याने म्हणाली. "अरे, जरा ओरडायचं होतंस माझ्यावर."

खुर्चीला धरून ती रडली. चांगली मोठ्याने रडली. बाहेर फावड्याचा आवाज बंद पडला आणि थोड्या वेळाने परत सुरू झाला.

ती बाहेर आली तेव्हा साडेचार वाजले होते. वाफा रिकामा होता. कोठारामागे एकोणीस झुडपं ओळीने लागली होती, फांद्यांखाली झाकली होती, आणि आस्लाउग त्यांना घोटभर पाणी घालत होती. योरुनने प्रत्येक फांदी कुबडीने उचलून बघितली. दोन कोंब मोडले होते. सतरा नीट होते.

"एस्तेन, तुझ्या भिंतीचं बाक घेऊन ये इकडे."

"आत्ता? अगं, जड आहे ते. ओकचं आहे."

"झाड जड नव्हतं?"

नवराबायकोने ते रस्ता ओलांडून आणलं, चारदा खाली ठेवत, एकमेकांना शिव्या देत. रिकाम्या वाफ्यातून नेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, भिंतीला टेकवून ठेवलं. लाकूड वर्षानुवर्षांच्या बसण्याने गुळगुळीत झालं होतं. योरुनने कुबड्या भिंतीला लावल्या आणि हळूच डाव्या टोकाला बसली. ऊन तोंडावर आलं. एस्तेन समोर उभा होता, टोपी हातात घेऊन, काहीतरी बोलू की नको अशा बेतात.

"काय आहे? बोल की."

"काही नाही," तो म्हणाला. "तो त्या उजव्या टोकाला बसायचा."

योरुन हाताने बाक धरून, इंच इंच सरकत, दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.