मोटेचा दगड अन् कठड्याचा केशरी रंग

आमच्या जालन्याच्या मोठ्या बागेत बघण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. एक पडकी कमान, एक तोफ अन् एक माझा दगड.

कमानीबद्दल कुणाचं काही म्हणणं न्हाई. तोफेबद्दल मात्र गुरुजींचं आहे. गुरुजी म्हंजी माझ्यासंगं सकाळी फिरायला येणारे निवृत्त मास्तर. ते म्हणतेत, ही तोफ न्हाईच, जुन्या नळाचा पायप आहे, इकडून डोळा लावला की तिकडचं झाड दिसतं. मी म्हणतो, गुरुजी, लई गोळे उडवले की तोफेची मागची बाजू उडतेच. हे भांडण कधी लागलं ते आता दोघांनाबी आठवत न्हाई. गुरुजी पदवीवाले, मी तिसरीतून उठलेला. पण माघार घ्यायची चाल आमच्या घराण्यात न्हाई.

दगडाचं मात्र मी सांगतो तेच खरं. आज जिथं लेकरांची घसरगुंडी आहे तिथं विहीर होती. निजामाच्या राज्यात साऱ्या बागेला त्याच विहिरीचं पाणी, अन् तिच्यावर मोट हाणायला माझा बाप. बैल उतारावरून खाली गेले की चामड्याची मोट भरून वर यायची. बाप दोरावर बसून गाणं म्हणायचा, अन् बैलांना शिव्या द्यायच्या तर त्याबी त्याच चालीत. त्याच्या पाठीला धरून मी बसायचो. मोट वर येऊन ओतायची तिथला हा दगड. दोर घासून घासून त्याला बोट जाईल एवढ्या खाचा पडल्यात. पुढं विहीर बुजवली, बैल गेले, बाप गेला. कमानीवर बांधणाऱ्याचं नाव कोरलंय. झाडं जगवणाऱ्याचं कुठंच न्हाई. म्हणून एक फेरी मारली की मी त्या दगडावर जाऊन बसतो. तो माझा हक्क आहे.

गुरुजींना हेबी पटत न्हाई. त्यांच्या मतानं या खाचा शिपायांनी तलवारींना धार लावल्याच्या.

"मोटेचा दगड म्हणता, मंग विहीर दाखवा."

"घसरगुंडीखाली हाय."

"पुरावा?"

"घसरगुंडी उचला!"

इथवर सगळं बराबर चालल्तं. मागच्या साली बागेच्या कठड्याला केशरी रंग दिला. रंगाऱ्यानं काम संपल्यावर ब्रशाचा उरलासुरला रंग माझ्या दगडावर पुसला. मी ओरडलो, तर तो म्हणतो, "काका, दोन पावसात निघून जाईल."

पाऊस यायच्या आत हळदकुंकू आलं. शनिवारी नारळ फुटला. पुढच्या शनिवारी रुईच्या पानांची माळ. मी येणाऱ्या जाणाऱ्या बाईला थांबवून सांगू लागलो, "बाई, हा शेंदूर न्हाई, कठड्याचा रंग हाय! तो कठडा बघ, त्याच रंगाचा हाय!" एक म्हातारी थांबली, कठड्याकडं बघितलं, दगडाकडं बघितलं अन् म्हणाली, "मामा, ब्रश कुठं पुसायचा ते रंगाऱ्याच्या हातात असतं का?" अन् कठड्यालाबी नमस्कार करून गेली.

देव झाला तर झाला, वर तो गुडघ्याचा देव झाला. अन् तो माझ्यामुळं. फेरी मारून मी लंगडत यायचो, दगडावर घटकाभर बसायचो अन् उठून ताठ चालायचो. बायका ते बघून होत्या. आता घटकाभर बसल्यावर कुणाचा गुडघा हलका होत न्हाई? पण ऐकतंय कोण!

मी बसणं सोडलं न्हाई. "आवं मामा, देवावर बसलात!" असा गलका व्हायचा. मी म्हणायचो, "मी माझ्या बापाच्या मांडीवर बसलोय, तुम्ही तुमचं बघा." मंग त्या माझ्या आजूबाजूनं तेल वाहायच्या, अन् धोतराला डाग पडायचे.

एका शनिवारी त्या घोळक्यात बाटली घेतलेला एक हात ओळखीचा वाटला. वर बघतो तर आमची मंडळी.

"तू इथं काय करून राह्यली?"

"तुमच्या गुडघ्यासाठी आल्ते."

"मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बरं व्हायलाबी नकार दिला असता. सरका जरा, तेल घालू द्या."

साऱ्या बाया हसल्या. गुरुजी तर खोकेपर्यंत हसले.

त्यानंतर चार दिवसांनी बागेत सिमेंटचे गट्टू आले. फिरायला नवी पक्की वाट करायची होती, अन् तिची चुन्याची रेघ सरळ माझ्या दगडावरून गेल्ती. जेसीबी येऊन उभा राहिला. ठेकेदाराचा मुकादम खाली उतरला, खाचा बघितल्या, केशरी रंग बघितला अन् डोकं खाजवत म्हणाला, "हे काय हाय ते आधी सांगा. देव असंल तर मी वाट वळवतो, मला पाप नको. नुस्ता दगड असंल तर उचलून तळ्याच्या भरावात टाकतो."

बाया ओरडल्या, "देव हाय!"

गुरुजींना वाटलं, हीच वेळ. पुढं होऊन म्हणाले, "यांना विचारा की. हे तर रोज छातीवर हात मारून सांगतेत, देव बिलकुल न्हाई म्हणून."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मंडळीबी, बाटलीचं झाकण हातात धरून. ज्या ज्या बाईला मी अडवून सांगितलं होतं ती प्रत्येक तिथं हजर. देव म्हणावं तर जीभ वळंना. दगड म्हणावं तर बाप तळ्याच्या भरावात. जेसीबी नुस्ता घुर्र घुर्र करून राह्यला.

मी चपला काढल्या, बाजूला ठेवल्या अन् दगडासमोर उभा राहिलो.

मुकादमानंबी घाईघाईनं बूट काढले. "वळव रे!" म्हणून ड्रायव्हरला हात केला.

गुरुजी माझ्या कानाशी आले. "काय, मोट पावली म्हणायची?"

"गुरुजी, बापापुढं चपला काढून उभं राहावं. हे तुमच्या शाळेत शिकवत नव्हते का?"



आज बागेत जाल तर ती पक्की वाट एका ठिकाणी उगीच पोट काढून वळलेली दिसंल. तो वळसा माझ्या बापाला घातलेला आहे. एवढा मान कमान बांधणाऱ्यालाबी मिळाला न्हाई. फक्त आता बाया मला तिथं बसू देत न्हाईत. मीच चपला काढल्या म्हणल्यावर बोलायला तोंड उरलं न्हाई.

म्हणून सध्या मी तोफेवर बसतो. ती लई ठेंगणी आहे, उठताना गुडघा दुखतो. मंडळी म्हणते, देवाला सांगा. गुरुजी म्हणतेत, पायपावर बसल्यावर असंच होणार.

पायप न्हाई. तोफ आहे.