सीदना म्हणाले, "पांढरं"

फेस शहरातल्या राजवाड्यात सुलतानांचा चहा बूजमा करायचा, त्याच्या आधी त्याचा बाप करायचा. दरबारात त्याला मान होता. म्हणजे लोक त्याला जरा वचकून असत. सुलतानांच्या इतक्या जवळ रोज बसणारा माणूस, काय सांगावं!

त्या सकाळी सुलतानांनी पेला अर्धा ठेवला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. त्यांनी पुटपुटायचं आणि चोपदारानं ओरडायचं, ही रीत. सुलतानांना सगळे सीदना, म्हणजे 'आमचे धनी', म्हणत. चोपदार ओरडला, "सीदना म्हणतात, पांढरं!"

सुलतान उठून गेले.

आता फेसमध्ये सकाळी कोळशाला कोळसा म्हणत नाहीत. काळ्याचं नाव अभद्र, म्हणून 'पांढरं' म्हणायचं. आणि दुवा द्यायची तर 'अल्ला तुझं तोंड पांढरं करो.' मग ही शाबासकी, की कोळशाची तक्रार, चहाला धूर लागल्याची? बूजमाचं तोंड तेवढ्यात पांढरंफटक पडलं.

"अरे, परत विचार की," तो चोपदाराला म्हणाला.

"सीदनांना विचारू, काय म्हणालात म्हणून? मान माझी स्वतःची आहे बाबा, उसनी नाही आणलेली."

दुपारपर्यंत बरेच जण अभिनंदन करून गेले. मग कुणीतरी धुराची शंका काढली, तसे त्यातले काही परत येऊन अभिनंदन मागे घेऊन गेले. बूजमा धुतलेला पुदिना पुन्हा धुवत बसला. नोकरी गेली तर करणार काय? साध्या माणसांसाठी चहा करायला तो कधी शिकलाच नव्हता.

संध्याकाळी हाजिबांनी, म्हणजे मोठ्या कारभाऱ्यांनी, निकाल दिला. ते दरबारात मुरलेले. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले, तर दोन्ही पाळावेत. बूजमाला पांढरा बुर्नूस, म्हणजे टोपीचा लांब झगा, बक्षीस मिळाला. शेगडी पेटवणाऱ्या हम्मूला काढून टाकलं. हम्मू बूजमाचा सख्खा मेहुणा.

फाटकात दोघं भेटले.

"अभिनंदन हो दाजी," हम्मू म्हणाला. "शब्द एकच, पण घरातल्या घरात वाटून घेतला आपण."

"मी बोलतो उद्या हाजिबांशी."

"काय बोलाल? सीदना चुकले म्हणून?"

बुर्नूस काढून हम्मूच्या खांद्यावर टाकावा म्हणून बूजमानं हात वर नेला. पलीकडून चोपदार बघत होता. धन्याचा अहेर दुसऱ्याला देणं म्हणजे तो धन्याच्या तोंडावर फेकणं. बूजमानं नुसतीच गळ्याशी गाठ घट्ट केली.

"ताईला काय सांगाल?"

घरी जायचं सोडून बूजमा परत आत वळला. उद्यापासून शेगडीही त्यालाच पेटवायची होती.