अर्जदाराची सही

दिवसातून दहा-बारा वेळा तरी काका 'मी' लिहायचे, आणि त्यातला एकही 'मी' त्यांचा नसायचा. मी निराधार आहे, माझ्या मुलाचा दाखला हरवला आहे, माझ्या घराची मोजणी चुकली आहे. कचेरीच्या व्हरांड्यात, जिन्याखाली, घडीच्या टेबलाशी बसून एकतीस वर्षं त्यांनी लोकांची गाऱ्हाणी लोकांच्याच तोंडाने कागदावर उतरवली. सगळे त्यांना अर्जवाले काका म्हणत. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती.

लिहून झालं की खाली पेन्सिलने बारीकशी फुली मारायची आणि म्हणायचं, "इथे सही." ही फुली हातात इतकी बसली होती की घरच्या किराणा सामानाच्या यादीखालीही ते ती मारून मोकळे व्हायचे आणि मुलगी हसायची.

सोमवारी नव्या साहेबांनी भिंतीवर नोटीस चिकटवली. व्हरांड्यात बसणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला इथे का बसायचं आहे ते शुक्रवारी पाचच्या आत लेखी द्यावं. जो देणार नाही त्याची जागा गेली. शेजारचा स्टॅम्पवाला पाच मिनिटांत खरडून मोकळा झाला. वर काकांना म्हणाला, "तुमचं काय बुवा, तुमच्या डाव्या हातचा मळ!" काका नुसते हसले. गुरुवार उजाडला तरी त्यांचा कागद कोराच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच.

गुरुवारी संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसली होती. दिवसभर दवाखान्याच्या खिडकीवर नावं नोंदवायची आणि घरी येऊन अभ्यास करायचा. अर्धवट राहिलेली पदवी बत्तिसाव्या वर्षी पुरी करायला निघाली होती बाई. डोळे मिटत होते, पण हट्ट बापाचाच.

"बाबा, जरा प्रश्न विचारा ना मला."

काकांनी चष्मा चढवला. "निवेदन म्हणजे काय? हा काय प्रश्न झाला? साहेबांना देतात ते!"

"ते नव्हे हो! गोष्ट सांगणं म्हणजे निवेदन. सांगणारा तो निवेदक. लेखक वेगळा. गोष्टीत 'मी' म्हणणारा लेखकच असेल असं नाही. तिथेच सगळे चुकतात."

"मी नाही चुकत," काका म्हणाले. "एकतीस वर्षं तेच तर करतोय. त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं, एवढंच." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "आज दुपारी कसाबसा सुरू केलाय. बघ, यात निवेदक कोण?"

ती मोठ्याने वाचू लागली. "'मी गेली एकतीस वर्षे या व्हरांड्यात बसते...' बसते? बाबा, ही बाई कोण?"

काकांनी कपाळाला हात लावला. दुपारी ओळीने चार बायका आल्या होत्या. शेवटच्या बाईचा 'मी' अजून पेनातच राहिला होता. दोघं पोट धरून हसली. हसता हसताच काकांना फार थकल्यासारखं झालं. स्वतःचा 'मी' कुठे ठेवलाय तेच त्यांना आठवेना.

मुलीने पुस्तक मिटलं. "पुढचा प्रश्न. लेखकाचा हेतू काय? का बसायचंय तुम्हाला तिथे? राहा की घरी. मी आहे ना."

"दमलोय गं. हात थरथरतो. जिन्यावरून कुणी उतरलं की डोक्यावर धूळ पडते. पण तिथे माणूस समोर येऊन बसतो आणि म्हणतो, काका, ऐका जरा. तू कामावर गेलीस की घरी कोण म्हणणार?"

"मग हेच लिहा."

"अर्जात असलं लिहितात का कुणी?"

"लिहा. आणि खोडायचं नाही."

शुक्रवारी पावणेपाचला काकांनी आवकच्या खिडकीतून कागद आत सरकवला. कारकुनाने आधी वरवर नजर टाकली, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. 'मी दमलो आहे. तरी मला इथे बसू द्यावे. समोर बसून कोणी बोलू लागले की मला बरे वाटते. घरी दिवसभर कोणी येत नाही.'

कारकुनाने मान वर केली. "छान उतरवलंत, काका. व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसतो त्या म्हाताऱ्या टायपिस्टचा ना हा? वाईट वाटलं हो वाचून. पण सही राहिलीय." खाली पेन्सिलची बारीक फुली होती आणि पुढची जागा रिकामी. "अर्जदाराला पाठवा चटकन. पाचला खिडकी बंद होते."

काकांनी सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"आलाय तो," ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.